पत्त्यांचे व्याकरण : नित्य, नैमित्तिक आणि काम्य

सुट्या लागल्या की घराघरांतून पत्ते बाहेर निघावेत, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा हैदराबाद असो; दुपारची जेवणे आटोपली, मागचे आवरले, की जाजम अंथरले जाई आणि बदाम सात, झब्बू, मेंढीकोट यांना रंग चढे. जाजम आजही तेच आहे, त्यावरचे पत्ते मात्र पुष्कळ घरांत बदलले आहेत. या नव्या पत्त्यांवर राजा, राणी, गुलाम नाहीत. कोठे जटाधारी जादूगार आहे, कोठे पंखांचा सर्प आहे, आणि प्रत्येक चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरांत चार-पाच ओळींचा मजकूर छापलेला आहे. मुले तो मजकूर वाचतात, एकमेकांवर आवाज चढवितात, आणि अखेर गाऱ्हाणे आजोबांच्या किंवा आजीच्या दरबारी येते. वडीलधारी मंडळी ‘हा कसला मेला खेळ!’ म्हणून दोघांनाही गप्प बसवितात. शांतता होते, न्याय मात्र होत नाही.

या पत्त्यांविषयी पालकांची दोन गाऱ्हाणी आमच्या कानी नेहमी येतात. एक, त्यांत पैसा फार जातो; आणि दोन, त्यांपायी भांडणे फार होतात. पहिल्या गाऱ्हाण्याचा विचार आम्ही शेवटी करू. दुसऱ्याच्या बाबतीत आमचे मत असे आहे की, ही भांडणे बहुधा मुलांच्या स्वभावातून उद्भवत नाहीत, ती वाक्याचा अर्थ नीट न लावल्यामुळे उद्भवतात. पत्त्यावरील वाक्य कोणत्या जातीचे आहे, एवढे ज्याला ओळखता आले, त्याला या खेळात पंच म्हणून बसता येते. मग त्याने स्वतः एकही डाव खेळलेला नसला तरी चालेल.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’. अमेरिकेतील रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने तो रचला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो १९९३ सालच्या ऑगस्ट महिन्यात बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूने आपल्या संग्रहातून निवडून निदान साठ पत्त्यांचा स्वतःचा जोड बांधावयाचा, सात पत्ते हातात घेऊन आरंभ करावयाचा, आणि प्रतिपक्षाचे वीस ‘प्राण’ शून्यावर आणावयाचे, हे त्याचे स्थूल रूप. एकाच नावाचे चारांहून अधिक पत्ते जोडात घेता येत नाहीत. भूमीचे मूलभूत पत्ते तेवढे त्यास अपवाद. भूमीच्या पत्त्यांपासून ‘मॅना’ नावाचे बळ मिळते; ते या खेळातले नाणे. ते खर्चून जीव आणि मंत्र मैदानात उतरवावयाचे. जिवाच्या पत्त्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात. पहिला त्याचा जोर, दुसरा त्याचा तग. आरंभीच्या संचात सुमारे तीनशे पत्ते होते. आज निरनिराळ्या पत्त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली आहे. मुलांच्या ओळखीचा ‘पोकेमॉन’चा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानात निघाला, तो याच घराण्यातला.

आपल्या जुन्या खेळात आणि या नव्या खेळात जो मूळचा भेद आहे तो चित्रांचा नव्हे. आपला पत्ता मुका असतो. इस्पिकचा एक्का स्वतः काही बोलत नाही. त्याची किंमत खेळाच्या नियमाने ठरते, आणि नियम पत्त्याबाहेर, खेळणाऱ्यांच्या स्मरणात राहतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचेच पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, असे एकशेवीस पत्ते. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या रंगाला अग्रमान आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या रंगाला, असा त्यातला संकेत. हा संकेत कोणत्याही पानावर लिहिलेला नसतो. तो बापाकडून मुलाकडे तोंडी जातो. ‘मॅजिक’ने नेमकी ही व्यवस्था उलटी केली. थोडे सामान्य नियम पुस्तकात ठेवले आणि विशेष नियम पत्त्यावरच छापले. शिवाय, पत्ता आणि पुस्तक यांत विरोध आला तर पत्ता खरा, हा या खेळाचा पहिला दंडक आहे. म्हणजे हा बोलका पत्ता आहे; आणि बोलक्याशी गाठ पडली की त्याचे बोलणे समजून घ्यावेच लागते.

पत्त्यावरील या बोलण्याला खेळात जे नाव आहे त्याला आपण ‘सामर्थ्य’ म्हणू. सामर्थ्याचे मुख्य प्रकार तीन. आपल्या वाचकांना ते चटकन लक्षात राहावेत म्हणून आम्ही धर्मशास्त्रातील एक जुनी वर्गवारी उसनी घेतो. शास्त्राने कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे तीन वर्ग केले आहेत. रोजची संध्या नित्य. ग्रहण लागले म्हणून करावयाचे स्नान नैमित्तिक. आणि मनात काही इच्छा धरून, द्रव्य वेचून केलेले अनुष्ठान काम्य. ही उपमा शब्दशः ताणू नये. पण पत्त्यांवरील सामर्थ्येही अशीच तीन तऱ्हेची असतात: काही सदैव चालू असतात, काही निमित्त घडले की जागी होतात, आणि काही, आपण इच्छा धरून मोल दिले तरच कामाला येतात.

काम्य सामर्थ्य प्रथम घेऊ, कारण ते ओळखावयास सर्वांत सोपे. त्याच्या वाक्यात मध्यभागी, आपल्या विसर्गासारखी, एकाखाली एक अशी दोन टिंबे असतात. टिंबांच्या डावीकडे जे लिहिले आहे ते मोल, उजवीकडचे ते फळ. पहिल्याच संचात ‘प्रॉडिगल सॉर्सरर’ नावाचा एक जादूगार होता. त्याचे वाक्य मराठीत सांगावयाचे तर असे: हा पत्ता आडवा करून कोणाही एकाला एक इजा करा. येथे पत्ता आडवा करणे हे मोल आणि एक इजा हे फळ. मराठीत अशा सामर्थ्याचे भाषांतर नेहमी ‘-ऊन’ने होते: देऊन, टाकून, आडवा करून. इच्छा नसेल तर कोणी सक्ती करीत नाही. इच्छा असेल तर मोल आधी चुकवावे लागते. आणि एकदा चुकविलेले मोल परत मिळत नाही, मग पुढे फळ कोणी हाणून पाडले तरीही.

नवख्या मुलांचे पहिले भांडण येथेच होते. थोरल्याने जादूगार आडवा केला आणि धाकट्याच्या अंगावर एक इजा रोखली. धाकट्याच्या हातात ‘लाइटनिंग बोल्ट’ हा तीन इजा करणारा मंत्र आहे. त्याने तो तत्काळ जादूगारावर सोडला आणि जादूगार मेला. आता धाकटा म्हणतो, ‘मारणाराच मेला, तर मला इजा कोण करणार?’ ऐकणाऱ्याला हे पटण्याजोगे वाटते. परंतु नियम थोरल्याच्या बाजूने आहे. काम्य सामर्थ्याचे मोल एकदा चुकविले की ते सामर्थ्य आपल्या धन्यापासून वेगळे होते. टपालपेटीत पडलेले पत्र जसे, तसे ते. लिहिणाऱ्याचे पुढे काहीही होवो, पत्र पत्त्यावर पोचावयाचेच. धाकट्याला एक इजा सोसावी लागेल. मात्र जादूगार गेला, म्हणून यापुढच्या इजा टळल्या. म्हणजे त्याचा मंत्र वाया गेलेला नाही, हेही पंचाने त्याला सांगावे.

या वर्गातच एक पोटजात आहे, ती मॅना उत्पन्न करणाऱ्या सामर्थ्याची. ‘लानोवार एल्व्ज’ नावाच्या पत्त्यातील वनवासी आडवे केले की एक हिरवा मॅना मिळतो. हे नाणे पाडण्यासारखे आहे. नाणे पाडताना मध्ये कोणाला बोलता येत नाही. मॅना तत्क्षणी हाती पडतो. ही सवलत नसती तर प्रत्येक देण्याघेण्यात हरकती निघून खेळ जागचा हलला नसता.

दुसरे नैमित्तिक सामर्थ्य. त्याचे इंग्रजी वाक्य तीन शब्दांपैकी एकाने सुरू होते, आणि त्या तिघांना मराठीत नेमके प्रतिशब्द आहेत: ‘जेव्हा’, ‘जेव्हा जेव्हा’ आणि ‘अमक्याच्या आरंभी’ किंवा ‘अखेरीस’. १९९८ सालचा ‘सोल वॉर्डन’ हा पत्ता घ्या. जेव्हा जेव्हा दुसरा एखादा जीव मैदानात येतो, तेव्हा तेव्हा तुम्हाला एक प्राण मिळतो, असे त्याचे म्हणणे. येथे मोल नाही आणि इच्छेचाही प्रश्न नाही. जीव आपला आला काय, प्रतिपक्षाचा आला काय, निमित्त घडले की सामर्थ्य जागे होते. वाक्यात ‘हवे असल्यास’ अशी मुभा दिलेली असेल तेवढीच निवड करता येते. नसेल तर जे होईल ते सोसावे लागते, मग ते आपल्याच अंगावर का येईना.

नैमित्तिक सामर्थ्याचा एक पोटभेद सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे, कारण त्यावर हरलेला डाव जिंकता येतो. कधी कधी निमित्ताच्या शब्दाला लागूनच ‘जर’ येतो. २००९ सालच्या ‘फेलिडार सॉव्हरिन’ या पत्त्याचे सांगणे असे की, तुमच्या पाळीच्या सुरुवातीच्या एका ठरलेल्या टप्प्याच्या आरंभी, जर तुमच्याजवळ चाळीस किंवा अधिक प्राण असतील, तर तुम्ही डाव जिंकता. असा ‘जर’ दोनदा तपासावा लागतो: एकदा निमित्त घडते त्या क्षणी आणि पुन्हा फळ पदरात पडते त्या क्षणी. समजा, एकाजवळ एकेचाळीस प्राण आहेत. निमित्त घडले, सामर्थ्य जागे झाले, आणि तो हात उंचावणार तोच प्रतिपक्षाने आपला ‘लाइटनिंग बोल्ट’ त्याच्यावर टाकला. राहिले अडतीस. दुसऱ्या तपासणीत ‘जर’ खोटा ठरला आणि हातचा विजय गेला. उलट, आरंभी एकोणचाळीसच प्राण असतील तर सामर्थ्य जागेच होत नाही. मग घाईघाईने एक प्राण मिळवून उपयोग नाही. एका ‘जर’च्या स्थानाने केवढा फरक पडतो पाहा!

नैमित्तिक सामर्थ्याला एक नैतिक अंगही आहे. ते आपोआप जागे होते खरे, पण त्याची आठवण माणसालाच ठेवावी लागते. स्पर्धांतून असा दंडक आहे की, ज्याचे सामर्थ्य त्यानेच त्याचे स्मरण ठेवावे. त्यातही विसर पडणे ही एक गोष्ट आणि आपल्याला जाचक आहे म्हणून विसरल्याचे सोंग करणे ही दुसरी. पहिलीला चूक म्हणतात, दुसरीला लबाडी. घरातही हा भेद पाळावा. बरोबरीच्या भावंडांनी एकमेकांना आठवण करून दिली तर उत्तमच.

तिसरे नित्य सामर्थ्य. त्याच्या वाक्यात मोलाची टिंबे नाहीत आणि ‘जेव्हा’ही नाही, ते एक साधे विधान असते. ‘ग्लोरियस अँथम’ हा पत्ताही १९९८चाच. तो म्हणतो, तुमच्या सर्व जिवांचा जोर एकाने आणि तग एकाने वाढतो. बस्स. पत्ता मैदानात आहे तोवर हे विधान खरे आहे. पत्ता हलला त्या क्षणी ते खोटे झाले. देवघरातल्या समईसारखे ते आहे. समई तेवत आहे तोवर प्रकाश आहे. विझविली तर मागे प्रकाश उरत नाही. काम्य सामर्थ्याच्या बरोबर उलट ही गोष्ट झाली. तेथे धनी मेला तरी पत्र पोचते, येथे ज्योत गेली की सर्वच गेले. समजा, एका जिवाचा मूळचा तग एक. अँथममुळे तो दोन झाला. त्याच पाळीत त्याला एक इजा झाली, तरी तो जिवंत राहिला. त्यानंतर प्रतिपक्षाने जिवाला हातही न लावता अँथमच काढून टाकले. तग पुन्हा एकावर आला, इजा एक झालेलीच आहे, आणि जीव गतप्राण झाला. येथे धाकटा ‘त्याला तर कोणी मारलेच नाही!’ म्हणून रडकुंडीस येतो. पंचाने त्याला समईची गोष्ट सांगावी.

आता या त्रयीचा उपयोग पाहा. खेळात असा नियम आहे की, जो जीव पाळीच्या आरंभापासून तुमच्याकडे नाही, त्याला त्या पाळीत हल्ल्याला पाठविता येत नाही आणि आडवे होणे हेच ज्याचे मोल आहे असे सामर्थ्यही त्याला वापरता येत नाही. मुले हा नियम अर्धवट ऐकतात आणि ‘नव्या जिवाचे काहीच चालत नाही’ असे धरून चालतात. तसे नाही. बंधन आहे ते आडवे होऊन करावयाच्या काम्य सामर्थ्यावर. ‘सोल वॉर्डन’ आल्या क्षणापासून प्राण मिळवून देऊ लागते, कारण तिचे सामर्थ्य नैमित्तिक आहे. आणि एखाद्या नव्या जिवाचे नित्य सामर्थ्यही त्याच क्षणापासून तेवू लागते. जात ओळखली की नियम पाठ करावा लागत नाही.

काम्य आणि नैमित्तिक सामर्थ्ये, तसेच मंत्र, घडतात कोणत्या क्रमाने? या प्रश्नाने पहिली काही वर्षे खेळणाऱ्यांना फार छळले. १९९९ साली नियमांची फेररचना झाली आणि त्यावर एक सुटसुटीत उपाय निघाला, त्याला आम्ही ‘चळत’ म्हणतो. घरात पोळ्यांची चळत असते. सर्वांत शेवटी ठेवलेली पोळी सर्वांत आधी उचलली जाते. तसेच येथे. थोरल्याने जादूगाराचे सामर्थ्य चळतीवर ठेवले; धाकट्याने त्यावर आपला मंत्र ठेवला; म्हणून मंत्र आधी फळला आणि सामर्थ्य नंतर. दोघांचीही नैमित्तिक सामर्थ्ये एकाच वेळी जागी झाली तर ज्याची पाळी चालू आहे त्याने आपली आधी ठेवावीत, दुसऱ्याने त्यावर. अर्थात दुसऱ्याची आधी फळतात. नित्य सामर्थ्य मात्र चळतीवर कधीच येत नाही. जे सदैव खरे आहे त्याला रांगेत उभे राहण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच त्याला मध्येच अडविताही येत नाही.

नित्य सामर्थ्याचे एक फसवे रूप असते, त्याची खूण मात्र सांगून ठेवतो. १९९७ सालच्या ‘फर्नेस ऑफ राथ’ या पत्त्याचा आशय असा: कोणाला इजा होणार असेल, तर त्याऐवजी दुप्पट इजा होते. वरवर पाहता हे ‘जेव्हा इजा होते’सारखे वाटते, पण तसे नव्हे. ‘होते’ आणि ‘होणार असेल’ यांत एका घटनेचे अंतर आहे. पहिल्यात गोष्ट घडून गेल्यावर सामर्थ्य जागे होते. दुसऱ्यात गोष्ट घडण्यापूर्वीच तिचे रूप पालटते. म्हणून येथे तीन इजा करणारा मंत्र थेट सहा इजा करतो, आणि दुप्पट होण्याच्या आड कोणी मंत्र टाकू शकत नाही. ‘त्याऐवजी’ हा शब्द दिसला की मुलांनी थांबून वाचावे.

दोन पत्त्यांची वाक्ये एकमेकांना छेदू लागली म्हणजे काय करावे? आपल्या वैयाकरणांनी उत्सर्ग आणि अपवाद असे नियमांचे दोन वर्ग मानले, आणि अपवाद उत्सर्गाहून बलवान ठरविला. पत्ता पुस्तकाहून बलवान, हा या खेळातला दंडक त्याच जातीचा. एक पत्ता ‘प्राण मिळतो’ म्हणतो आणि दुसरा ‘कोणालाही प्राण मिळू शकत नाही’ म्हणतो, तेव्हा निषेध विजयी होतो. आणि समबल अशा दोन नियमांत विरोध आला तर पाणिनीने ग्रंथात नंतर येणारा नियम बलवान मानला आहे. खेळात पुस्तकातला क्रम पाहत नाहीत, काळाचा क्रम पाहतात, आणि मागाहून अंमलात आलेले विधान अखेरीस टिकते. पण त्याआधी थर पाहावयाचे असतात. १९९७ सालचा ‘ह्युमिलिटी’ हा पत्ता सर्व जिवांची सामर्थ्ये काढून घेतो आणि त्यांचा मूळ जोर व तग एक-एक करून टाकतो. तोही मैदानात आहे आणि आपले ‘अँथम’ही आहे, मग तुमचे जीव एक-एकचे की दोन-दोनचे? उत्तर दोन-दोनचे, मग कोणता पत्ता आधी आलेला असो. कारण मूळ आकडा ठरविण्याचा थर आधी आणि त्यात भर घालण्याचा थर नंतर. आधी मुद्दल, मग व्याज, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगावयास नको.

क्वचित एखादे सामर्थ्य एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेले आढळते. ‘लाइफलिंक’ असा एक शब्द काही पत्त्यांवर असतो; असा जीव जितकी इजा करील तितके प्राण त्याच्या धन्याला मिळतात. २००७ साली हा शब्द रूढ झाला तेव्हा हे सामर्थ्य नैमित्तिक होते. २००९ साली ते नित्य करण्यात आले. फरक किती? समजा, तुमचे तीनच प्राण उरले आहेत, आणि एकाच लढाईत तुम्हाला तीन इजा होतात व तुमचा असा जीवही तीन इजा करतो. जुन्या नियमाने तुमचे प्राण शून्यावर येत, आणि नैमित्तिक सामर्थ्य फळण्याआधीच तुम्ही हरलेले असा. नव्या नियमाने घट आणि भर एकाच घटनेत होतात, आणि तुम्ही तीन प्राणांसह जिवंत राहता. पत्त्यावरचा शब्द तोच राहिला. त्याची जात बदलली आणि हार जीत झाली.

सामर्थ्यांची वर्गवारी करण्याची कल्पना या खेळात आरंभापासून होती, जरी ती नेमकी या तीन जातींची नव्हती. १९९३च्या पहिल्या संचात यंत्रांच्या पत्त्यांवर तीन निरनिराळी नावे छापलेली असत: आडवे करून वापरावयाचे, मोल देऊन कितीही वेळा वापरावयाचे, आणि सतत चालू राहणारे. पुढच्याच वर्षी ती नावे गेली, कारण वाक्य नीट लिहिले की नावाची गरज राहत नाही. ‘पोकेमॉन’मध्येही काही वर्षे खेळाडूने आपण होऊन वापरावयाच्या सामर्थ्याला एक नाव आणि सतत चालणाऱ्याला दुसरे, अशी व्यवस्था होती, २०११ सालापासून ती मोडून सर्वांना एकच नाव आले. म्हणजे तेथेही आता जात ओळखावयाची ती वाक्यावरूनच.

आता पैशाचे गाऱ्हाणे. ते खोटे नाही. पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात, आत काय निघेल ते आधी कळत नाही, आणि दुर्मिळ पत्त्याच्या आशेने पाकिटामागून पाकीट फोडण्याचा मोह मुलांना होतो. या मोहाला पालकांनी आळा घालावाच. महिन्याचा आकडा ठरवून द्यावा आणि तो पाळावा. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वर आम्ही जे जादूगार, वनवासी, ‘सोल वॉर्डन’ आणि ‘लाइटनिंग बोल्ट’ उदाहरणांत घेतले, ते चारही पत्ते मूळ छपाईत सर्वसाधारण वर्गातले होते, दुर्मिळ नव्हेत. तीन जाती ज्याला पक्क्या उमगल्या आहेत तो मुलगा साध्या पत्त्यांचा जोड बांधून महागड्या जोडाला घाम फोडतो. पाकिटे फोडण्यापेक्षा वाक्ये फोडण्यात अधिक मजा आहे, हे मुलाला पटले की खर्चाला आपोआप खीळ बसते.

अखेरीस एक सूचना, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून मुले शाळेत एक भाषा बोलतात, रस्त्यावर दुसरी, आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरते. ‘जेव़ण वाढ’, ‘चप्पल कोठे आहे’ एवढ्यात तिचे काम संपते. ‘जेव्हा जेव्हा’, ‘जर-तर’, ‘त्याऐवजी’, ‘होणार असेल’ ही वाक्ये मुलांच्या तोंडी येण्याचे प्रसंगच घरात थोडे. आणि ज्या भाषेत अट घालता येत नाही, अपवाद सांगता येत नाही, ती भाषा मुलाला विचारासाठी अपुरी वाटू लागते. या पत्त्यांनी तो प्रसंग आयता आणून दिला आहे. घरात एवढाच दंडक घालावा: तंटा झाला तर पंचापुढे पत्ता मराठीतून सांगावयाचा. ‘आजी, तू सांग, ह्याचा जादूगार मेला ना?’ असे विचारणाऱ्या नातवाला आजीने उलट विचारावे, ‘आधी मला सांग, ह्यावर लिहिलेले देऊन करायचे आहे, की जेव्हा-तेव्हाचे, की नेहमीचे?’ मुलाला त्या चार इंग्रजी ओळींचे एक धड मराठी वाक्य करावे लागेल. ते करता करता निम्म्या तंट्यांचा निकाल त्याचा त्यालाच लागेल. उरलेल्या निम्म्यांसाठी आजी आहेच. आणि तिला आता तीन जाती ठाऊक आहेत.